न मोजलेली जुडी

"पंचवीस हायेत गं पोरी. गणितात कच्ची दिसतीस."

खानावळवाल्या भागुबाई एवढं बोलल्या, पिशवी काखेत मारून पुलाच्या दिशेनं चालायला लागल्या, आणि छाया रिकाम्या पाटीकडे बघत राहिली. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपलेली असते, पण पाय अजून एक पायरी धरून खाली जातो आणि जमीन अवेळी टाचेवर आदळते, तसं काहीतरी तिला झालं. चोवीस जुड्या होत्या. काल संध्याकाळी तिनं स्वतः मांडल्या होत्या, स्वतः वाटल्या होत्या. भागुबाईंनी "किती हायेत?" विचारलं तेव्हा तिनं न बघता "चोवीस" म्हटलं होतं आणि ते बरोबर होतं. पण भागुबाईंना आज कुणाच्या तरी साखरपुड्याचं जेवण होतं, त्यांना सगळीच कोथिंबीर हवी होती, आणि त्या एकेक जुडी बोटानं दाबत, वास घेत, मोजत पिशवीत टाकत गेल्या. पाटीच्या कोपऱ्यात केळीच्या पानाखाली ठेवलेली जुडीसुद्धा त्यांनी उचलली. "ती नाही," छाया म्हणाली. "ती का नाय? ती काय नवसाची हाय?" भागुबाई हसून म्हणाल्या. त्यावर हो म्हणायचं होतं. पण साडेआठची बस पकडायची होती, आणि हो म्हटलं तर पुढे सगळं समजावून सांगावं लागलं असतं. तिनं पैसे घेतले. लाभाची जुडी विकली गेली. घरात कधीच कुणाकडून झालं नव्हतं ते तिच्याकडून झालं.

१९९९ च्या नोव्हेंबरमधला तो शुक्रवार होता. गोदेच्या काठावर ऊन अजून पिवळं झालं नव्हतं आणि पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यानं बोटं आखडत होती. आई, लंकाबाई, मोतीबिंदू काढून डोळ्याला हिरवी पट्टी बांधून घरी बसली होती, म्हणून आठवडाभर बाजारात पाटी घेऊन बसायचं काम छायाकडे आलं होतं. सकाळी सहा ते आठ पाटी, मग बसनं द्वारका चौक, तिथून पुढे आग्रा रोडवरचं किशोरशेठचं फरशीचं दुकान. बी.एस्सी. गणित, प्रथम श्रेणी. दुकानात ती खोल्यांची मापं घेऊन किती फरश्या लागतील ते काढून द्यायची. आणि आज, शुक्रवारी, संध्याकाळी पाचपर्यंत तिला कॉलेजातल्या बच्छाव सरांकडे जाऊन हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही सांगायचं हे तिनं काल रात्रीच ठरवलं होतं. ठरवल्यावर झोपही चांगली लागली होती, आणि त्याचीच तिला सकाळपासून थोडी लाज वाटत होती.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर रिकामी पाटी, पाटीत ओलं गोणपाट, गोणपाटाला कोथिंबिरीचा वास. हा वास तिच्या सगळ्या गणिताला होता. ती नऊ वर्षांची असताना मखमलाबादच्या त्यांच्या अंगणात दर संध्याकाळी आई आणि कुसाकाकू, दोघी जावा, मळ्यातून आलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायच्या, पाणी शिंपडायच्या आणि वाटून घ्यायच्या. आईची पाटी पंचवटीत, काकूची भद्रकालीत. मांडायची एक रीत होती, आजीनं घालून दिलेली. ओळी नेहमी विषम, तीन, पाच, सात, नऊ, आणि प्रत्येक ओळीत जुड्याही विषम. उरतील त्या घरात वापरायच्या. मांडून झालं की अगदी मधल्या ओळीतली अगदी मधली जुडी उचलायची. ती लाभाची. ती बाजूला ठेवायची, तिला आकडा लावायचा नाही, तिच्याकडे बोट करून मोजायचं नाही. मोजणी तिथून पुढे सुरू. मधल्या ओळीच्या वरच्या सगळ्या ओळी आईच्या, खालच्या सगळ्या काकूच्या. मधल्या ओळीत जिथे खड्डा पडला त्याच्या डावीकडच्या आईच्या, उजवीकडच्या काकूच्या. दोन्ही पाट्या नेमक्या सारख्या. लाभाची जुडी एक दिवस आईच्या पाटीत जायची, एक दिवस काकूच्या, विकायची नाही म्हणून कोपऱ्यात पानाखाली, आणि संध्याकाळी घरी परत येऊन देवापुढे ठेवून मग आमटीत पडायची.

एका पाटीत किती, हे सांगायचं काम छायाचं होतं, कारण ती शाळेत जात होती. तीन ओळींत तीन-तीन असल्या की चार. तीनात पाच असल्या की सात. पाचात पाच, बारा. हे आकडे तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतले आणि ते आपोआप उतरत्या छपरासारखे, त्रिकोणात बसत गेले. पहिल्या ओळीत चार. दुसरीत सात, बारा. तिसरीत दहा, सतरा, चोवीस. चौथीत तेरा, बावीस, एकतीस, चाळीस. शाळेत नववीत गेल्यावर तिला त्याचं सूत्र सापडलं. तीन ओळी म्हणजे मधल्या ओळीच्या वर एक, पाच म्हणजे वर दोन, सात म्हणजे वर तीन. ओळींचा असा आकडा घ्यायचा, ओळीतल्या जुड्यांचाही तसाच घ्यायचा, दोघांचा गुणाकार करून दुप्पट करायची, आणि त्यात ते दोन्ही आकडे मिळवायचे. एक आणि एक घेतले की दोन अधिक एक अधिक एक, चार. दोन आणि तीन घेतले की बारा अधिक दोन अधिक तीन, सतरा. गोणपाट न मांडता पाटीत किती येतील ते सांगता यायला लागलं. आईला त्याचं काही वाटलं नाही. काकू म्हणाली, "मंग आता कोथिंबीर बी कागदावरच उगव."

पण छायाला आकडे जे येत होते त्यांच्यापेक्षा जे येत नव्हते ते जास्त छळायचे. पाटीत कधी पाच जुड्या आल्या नाहीत. सहा नाहीत. आठ, नऊ, अकरा नाहीत. चौदा, पंधरा, अठरा, वीस, एकवीस, तेवीस नाहीत. बावीस तर दोन रस्त्यांनी यायचे, पाचात नऊ मांडा नाहीतर तीनात पंधरा, आणि त्याच्या शेजारचा तेवीस मात्र त्रिकोण कितीही खाली नेला तरी कुठल्याच ओळीत सापडायचा नाही. का? तेवीसनं काय केलं होतं? कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिनं ती वही बच्छाव सरांना दाखवली. सर सटाण्याकडचे, बोलताना मधूनच त्यांच्या भाषेतला शब्द निसटायचा. "हाई काय शे?" म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, त्रिकोण बराच वेळ पाहिला आणि पेन्सिलीनं तेवीसच्या रिकाम्या जागेभोवती गोल काढला. "जे आहेत ते ठीक आहेत. जे नाहीत ते का नाहीत? हे सांग आणि मग ये."

तिनं काय काय करून पाहिलं. गैरहजर आकड्यांमधली अंतरं मांडली. त्यांच्या बेरजा घेतल्या. एका पाटीचा आकडा अपुरा म्हणून दोन्ही पाट्यांचा मिळून आकडा काढला, तर दहा, बारा, सोळा, अठरा, बावीस, अठ्ठावीस. सगळे सम, सगळे मुके. वह्या भरत गेल्या. एम.एस्सी.ला पुण्याला जायचं ठरलं होतं, त्याच उन्हाळ्यात वडील, गोटीराम, गेले, आणि पुणं पुढच्या वर्षावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. फरशीच्या दुकानात बसल्या बसल्या पावतीपुस्तकाच्या मागे त्रिकोण निघत राहिला. कधी कधी तिला भीती वाटायची, की हे गणित नाहीच, एखाद्याला नखं कुरतडायची सवय असते तशी ही आपली सवय आहे. मागच्या शुक्रवारी बच्छाव सर न्हाणीघराच्या फरश्या बघायला दुकानात आले आणि तिला पाहून भाव विचारायचाच विसरले. "छाया, त्या त्रिकोणाचं काय झालं?" मग लगेच म्हणाले, "पुढच्या शनिवारी गणित मंडळाचा मेळावा आहे. तुझ्या नावावर पंधरा मिनिटं ठेवतो. पण उत्तर घेऊन ये. नुसता त्रिकोण घेऊन येऊ नको. नुसता त्रिकोण म्हणजे रांगोळी. शुक्रवारी पाचपर्यंत सांग, पत्रिका झेरॉक्सला द्यायची असते." रांगोळी हा शब्द आठवडाभर तिच्या पायात खड्यासारखा होता.

दुकानात पोचली तेव्हा समाधान खोकी उतरवत होता. "मॅडमच्या अंगाला आज भाजीचा वास येतोय," तो म्हणाला. "दुपारच्या डब्याची सोय झाली." ती हसली नाही. पाटी काउंटरखाली सरकवली आणि तिला पुन्हा तो कोपरा दिसला, पान बाजूला झालेला, रिकामा. आईला काय सांगायचं? लाभ विकला म्हणजे नेमकं काय होतं, हे घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं, कारण तसं कधी झालंच नव्हतं. ती अशुभ मानणाऱ्यांतली नव्हती. पण सकाळपासून अंगात काहीतरी एकनं चुकत होतं. बसचं तिकीट काढून खिशात ठेवल्यावर पुन्हा चाचपलं. दुकानाच्या पायऱ्या चढताना मोजल्या. पंचवीस, पंचवीस, भागुबाईंचा जाड, आनंदी आवाज कानात राहिला होता. बाई चुकली नव्हती, हेच खरं बोचत होतं. जुड्या पंचवीसच होत्या. कुणीही बाहेरचं माणूस मोजेल तर पंचवीसच मोजेल. चोवीस फक्त त्यांच्या घरात होत्या.

अकराच्या सुमाराला मनमाडहून एक गृहस्थ आले, रेल्वेत पार्सलवर नोकरीला असलेले. नवीन घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या चौकोनी फरश्या घालायच्या होत्या आणि बरोबर मध्यावर एक नक्षीची, कमळाची. असं गिऱ्हाईक रोज एखादं तरी यायचं. नक्षी मध्यावर यायची तर लांबीला आणि रुंदीलाही फरश्या विषम पाहिजेत, हे छाया त्यांना नेहमीच्या आवाजात समजावत होती, बोलता बोलता मापं घेत होती. लांबीला नऊ, रुंदीला पाच. तिनं पावतीवर नेहमीसारखं लिहिलं. साध्या ४४. खालच्या ओळीत, नक्षीची १. नक्षीचा भाव वेगळा, म्हणून ओळ वेगळी. चार वर्षं ती असंच लिहीत आली होती.

"एकूण किती?" गृहस्थांनी विचारलं.

"चव्वेचाळीस, आणि ती एक."

"तसं नको. मला रेल्वेच्या डब्यात चढवताना नग सांगावे लागतात. नग म्हणजे नग. नक्षीचा असो नाहीतर साधा असो. पंचेचाळीस लिहा."

तिनं पंचेचाळीस लिहिलं. पेन उचललं, आणि ते कागदाच्या वर तसंच राहिलं. पंचेचाळीस म्हणजे नऊ पाचे. अर्थातच. लहान पोरालाही येईल. चव्वेचाळीसची निम्मी बावीस, तिच्या त्रिकोणातली बावीस, आणि दोन पाट्यांत बावीस-बावीस घालून तिनं कायम चव्वेचाळीसच लिहिले होते, वर्षानुवर्षं, वह्यांमागून वह्या, कारण पंचेचाळिसावी मोजायची नसते. तिनं ती कधी मोजली नव्हती. गोणपाटावर ती मधोमध होती, रोज होती, तिच्याभोवतीच सगळं मांडलेलं होतं, आणि तिनं ती एकदाही मोजली नव्हती. गृहस्थ काहीतरी विचारत होते, फरशी कुठला माणूस बसवील, आणि ती हो हो म्हणत होती, पण आत एकामागून एक दारं उघडल्याचा आवाज येत होता. पाच. पाटीत कधी न आलेले पाच. दोन पाट्यांत दहा, आणि ती एक, अकरा. सहा म्हणजे बारा आणि ती एक, तेरा. आठ म्हणजे सतरा. नऊ म्हणजे एकोणीस. अकरा म्हणजे तेवीस. चौदा म्हणजे एकोणतीस. तिला पुढे मोजायची गरजच नव्हती, तरी ती मोजत गेली, जिभेवर गोड काहीतरी विरघळत असताना माणूस मुद्दाम सावकाश गिळतो तशी. पंधरा, एकतीस. अठरा, सदतीस. वीस, एक्केचाळीस. एकवीस, त्रेचाळीस. आणि तेवीस, सरांनी पेन्सिलीनं घेरलेला तेवीस, सत्तेचाळीस. सगळ्या मूळ संख्या. दुसऱ्या कशानं भाग न जाणाऱ्या. अकरा फरश्यांची खोली कुणाला घालता येणार नाही, कशाही ठेवा, एक लांब ओळच होईल. सत्तेचाळीस जुड्या ओळींत मांडताच येत नाहीत. मांडता येत नाहीत म्हणून कधी मांडल्या नाहीत, मांडल्या नाहीत म्हणून वाटल्या नाहीत, वाटल्या नाहीत म्हणून पाटीत तेवीस कधी आल्या नाहीत. तेवीसनं काहीच केलं नव्हतं.

किशोरशेठनं विचारलं, "काय झालं? चक्कर आली का?" ती म्हणाली, "नाही शेठ. पाणी पिऊन येते." मागच्या गोदामात खोक्यांच्या थप्प्यांमध्ये ती जरा वेळ उभी राहिली. पुठ्ठ्याचा, सिमेंटचा, उंदरांच्या औषधाचा वास. इथे उभं राहून तिनं किती दुपारी डबा खाल्ला होता. तिनं एक फाटकं खोकं ओढलं, त्याच्या पोटावर पेननं तेच उलट दिशेनं तपासलं, कारण सुंदर दिसतं म्हणून खरं मानायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. एखादी विषम संख्या मूळ नसेल तर ती दोन आकड्यांचा गुणाकार असणार. विषम संख्येचे भाग विषमच असणार, आणि दोन्ही निदान तीन. म्हणजे तेवढ्या जुड्या गोणपाटावर आजीच्या रीतीनं मांडता येणारच. मधली काढा, उरलेल्या निम्म्या करा, तो आकडा त्रिकोणात असणारच. आणि त्रिकोणात असलेला कुठलाही आकडा घ्या, दुप्पट करा, मधली परत ठेवा, गोणपाट भरलेलं दिसेल. दोन्ही बाजूंनी बंद. कुठे फट नाही. एकही आकडा निसटत नाही, आत्ता नाही, लाखात नाही, कोटीत नाही. खोक्याच्या पोटावर पाच ओळी झाल्या. पंधरा वर्षं, आणि पाच ओळी. तिला हसू यायला लागलं, आणि ते थांबेना, आणि बाहेरून समाधान म्हणाला, "मॅडम, उंदीर आहे का तिथं?"

पाचला दहा मिनिटं असताना ती कॉलेजच्या जिन्यावर होती, काखेत पाटी, हातात खोक्याचा फाडलेला तुकडा. बच्छाव सर पत्रिकेच्या कच्च्या कागदावर वाकले होते. तिच्या नावापुढे त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं, ते तिला उलटं दिसलं. तिनं पुठ्ठा टेबलावर ठेवला. सरांनी पाच ओळी वाचल्या. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा वाचल्या. मग खोडरबर घेऊन प्रश्नचिन्ह पुसलं, कागदावरचा भुगा फुंकरीनं उडवला आणि म्हणाले, "बस."

ती बसली.

"एक गोष्ट सांगतो, रागावू नको. ही चाळणी आपल्याच देशातल्या एका विद्यार्थ्यानं पासष्ट वर्षांपूर्वी काढलेली आहे. मूळ संख्या गाळून काढायची. सूत्र हेच."

छायानं टेबलाची कड धरली. "तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"सात वर्षं, सर?"

"तू वही घेऊन आलीस त्या दिवशी सांगितलं असतं, तर तू ते लिहून घेतलं असतंस, आणि नमस्कार करून गेली असतीस. त्रिकोण त्या विद्यार्थ्याचाच राहिला असता." सरांनी पुठ्ठा उचलून उजेडाकडे धरला. "आणि हे जुड्यांचं, वाटणीचं, मधली न मोजायचं, हे मी कुठेही वाचलेलं नाही. त्यानं ती एक कुठून आणली मला माहीत नाही. तू कुठून आणलीस ते उद्या सांग."

जिना उतरताना ती वाट बघत होती, की आता आत काहीतरी कोसळेल. कुणीतरी आधीच तिथे जाऊन आलं होतं. पण काही कोसळलं नाही. उलट गंगापूर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीतून चालताना, द्राक्षांच्या खोक्यांनी भरलेला टेम्पो अगदी अंगावरून गेला तेव्हा, तिला एकदम हलकं वाटलं. तो दुसरा, कुठल्या गावचा, कुठल्या अंगणातला, त्यालाही हेच दिसलं होतं. म्हणजे ते तिथे होतं. तिच्या डोक्यात नव्हतं, सवय नव्हती, रांगोळी नव्हती. डोंगर असतो तसं होतं, आणि ती तिच्या बाजूनं, तिच्या पायवाटेनं, कुणाचं बोट न धरता वर गेली होती. आजवर ती गर्दीत अंग चोरून चालायची. आज तिनं पाटी डोक्यावर ठेवली आणि हात मोकळे सोडून चालली.

घरी आई ओट्यावर बसली होती, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि कुसाकाकू समोर गोणपाट झटकत होती. छायानं आधी ते सांगितलं. "आई, लाभाची जुडी विकली गेली माझ्याकडून."

काकूचे हात थांबले. आईनं उघड्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. "इकली? कुणी घेतली?"

"भागुबाईंनी. त्यांनी मोजून घेतली."

"तिला सगळंच मोजायची खोड हाय," आई म्हणाली. मग, "मंग तू येवढी खुशीत काऊन?"

छायानं सांगितलं, जमेल तसं, गोणपाटावर बोटानं रेघा मारत. आईला मूळ संख्या कळल्या नाहीत. सत्तेचाळीस मांडता येत नाहीत हे मात्र तिला पहिल्यापासून माहीत होतं. "त्या वळीत बसतच नाय. दोन जास्तीच्या लागत्यात, मंग सातात सात." ती हे इतक्या सहज म्हणाली, की छाया बघतच राहिली.

"आई, ती मोजायची का नसते? देवाची म्हणून?"

"देवाची कसली." आई हसली. "तुझ्या आजीनं काढलं ते. आमी दोघी नव्या आलो तवा रोज भांडायचो, एखादी जुडी इकडंतिकडं व्हायची. म्हातारी म्हनली, मदली उचला, तिला मोजूच नका. मोजली का ती वाटणीत येती. आन येक जुडी दोघीत कशी वाटायची?"

"मी कवा भांडले?" काकू म्हणाली.

"आत्ता बी भांडतीच हाय," आई म्हणाली. मग छायाकडे वळून, "तुला ती कुणासंगं वाटायचीय? तू मोज की खुशाल."

मेळाव्याला कॉलेजच्या त्या लांब वर्गात चाळीसेक माणसं होती. मागच्या बाकावर आई, हिरवी पट्टी आणि ठेवणीतलं पातळ, शेजारी काकू, दोघी घरून रिक्षानं आलेल्या. छायाची पाळी आली. तिनं फळ्यावर खडूनं ठिपके काढले, सात ओळी, प्रत्येक ओळीत सात. बोट ओलं करून मधला ठिपका पुसला. वरचे आईचे, खालचे काकूचे, असं तिनं सरळ सांगितलं, आणि वर्गात खसखस पिकली, पण ती वाईट नव्हती. चोवीस आणि चोवीस. मग शेजारी त्रिकोण उतरत गेला, चार, सात, बारा, दहा, सतरा, चोवीस, आणि त्यातल्या रिकाम्या जागा. मागून काकूचा आवाज आला, तिला वाटलं तेवढा हळू नसलेला, "जाऊबाई, ही तर आपलंच गोणपाट मांडून ऱ्हायली."

पुढच्या बाकावरचे एक वयस्क प्राध्यापक उठले. त्यांचा मुद्दा नेमका होता. एकच ओळ घेतली तर? म्हणजे मधल्या ओळीच्या वर शून्य ओळी. मग सूत्रातून सगळेच आकडे मिळतात, पाच, सहा, तेवीस, सगळे. मग गैरहजर कोण राहिलं? छायाला उत्तर माहीत होतं. एक ओळ म्हणजे एकनं गुणणं, आणि एकनं तर सगळ्यांनाच भाग जातो, त्यातून काही गळत नाही. ती तोंड उघडणार तोच काकू उभी राहिली.

"येका वळीत कोन लावतं, साहेब? जुड्या हायेत का लग्नाची पंगत?"

अख्खा वर्ग हसला, ते प्राध्यापकही, आणि हसता हसता ते मान हलवत खाली बसले, कारण उत्तर पुरं होतं. बच्छाव सर खिडकीशी उभे होते. त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि ते फळ्याकडे नाही, मागच्या बाकाकडे बघत होते.

"आता राहिलेली गोष्ट," छाया म्हणाली. मागे आई जरा पुढे झुकली, उघडा डोळा फळ्यावर. छायानं खडू घेतला, पुसलेल्या जागी, सगळ्यांच्या मधोमध, तो ठिपका पुन्हा काढला, ठसठशीत, बाकीच्यांपेक्षा मोठा. मग आईच्या देखत, त्याच्यावर बोट ठेवून, तिथूनच मोजायला सुरुवात केली.

"एक."